संकेतस्थळाला तज्ज्ञ हवेत की हरहुन्नरी?

संकेतस्थळ उभारताना एकेका कामात पारंगत असलेले तज्ज्ञ घ्यावेत, की सर्वच कामांची जाण असलेले हरहुन्नरी, हा माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील जुना वाद पुन्हा ऐरणीवर आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज्ञावली लिहून देऊ लागल्यामुळे, वेगवेगळे तज्ज्ञ पदरी बाळगायचे कशाला, असा प्रश्न विचारला जात आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ खुले केले, तेव्हा सर्व्हर, ब्राउझर आणि पानांची भाषा या तिन्ही गोष्टी त्यांनीच घडविल्या होत्या. पुढे काही वर्षे 'वेबमास्टर' नावाची एकच व्यक्ती मजकूर चढविण्यापासून सर्व्हर सांभाळण्यापर्यंत सारे करीत असे. 'जावास्क्रिप्ट' (१९९५) आणि 'सीएसएस' (१९९६) आल्यावर काम वाढत गेले आणि त्याची वाटणीही झाली. पानांचे रूप, डेटाबेस, चाचणी, सुरक्षा यांचे स्वतंत्र तज्ज्ञ तयार झाले. २००९ मध्ये 'नोड डॉट जेएस' आले आणि ब्राउझर व सर्व्हर या दोन्हीकडे एकच भाषा वापरणे सोपे झाले. त्यातून सर्व स्तरांवर काम करणाऱ्या 'फुल स्टॅक' प्रोग्रॅमरची मागणी वाढली.

मात्र, नुसत्या वाटणीने काम होत नाही, हे अमेरिकेने २०१३ मध्ये अनुभवले. आरोग्य विम्यासाठीचे 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबर रोजी सुरू झाले आणि पहिल्या दिवशी अवघ्या ६ जणांची विमानोंदणी पूर्ण झाली. या कामावर ५० हून अधिक कंत्राटदार होते. खाते उघडण्याची यंत्रणा एका कंपनीची, तर विमा निवडण्याची दुसरीची. सर्व भाग जोडून चाचणी झाली, ती उद्घाटनापूर्वीच्या जेमतेम दोन आठवड्यांत. संसदीय समितीपुढे कंत्राटदार जबाबदारी एकमेकांवर आणि सरकारवर ढकलत राहिले. स्पष्ट नेतृत्वाचा अभाव हे अपयशाचे कळीचे कारण असल्याचा निष्कर्ष तेथील आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१६ मध्ये काढला. तज्ज्ञांची वानवा नव्हती. दोन तज्ज्ञांच्या कामामधला सांधा कोणाचा, हे ठरले नव्हते. संपूर्ण यंत्रणेकडे एकत्रितपणे पाहणाऱ्या छोट्या गटाच्या हाती दुरुस्तीची सूत्रे आल्यावर डिसेंबरच्या प्रारंभी संकेतस्थळ बहुतेकांना वापरता येऊ लागले.

म्हणून तज्ज्ञांना रजा द्यावी काय? भारतातील अनुभव सावध करणारा आहे. ऑनलाइन ओळखपडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची अट अनेक ठिकाणी होती. अॅसिडहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना ती पाळता येईना. अखेर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या अधिकाराचाच भाग असल्याचे स्पष्ट केले आणि ही प्रक्रिया अपंगांना सुलभ करण्याचे आदेश दिले. अशा पडताळणीत तांत्रिक बिघाड नसतो. ती कोणाला वापरता येणार नाही, हे विचारणाऱ्या सुलभतातज्ज्ञाची उणीव मात्र असते.

पुण्या-मुंबईतील एखाद्या दुकानदाराच्या संकेतस्थळाला दोन-तीन हरहुन्नरी माणसे पुरेशी ठरतात. पैशाचे, आरोग्याचे वा सरकारी व्यवहार जेथे होतात, तेथे सुरक्षा आणि सुलभता यांचे तज्ज्ञ असायलाच हवेत. शिवाय, त्या सर्वांची कामे सांधणारा आणि वेळप्रसंगी 'थांबा' म्हणण्याचा अधिकार असलेला एक जाणकारही हवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सर्व विषयांची वरवरची ओळख स्वस्त झाली आहे. परंतु यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे पारखायला सखोल ज्ञान लागते आणि चुकीची जबाबदारी घ्यायला माणूस लागतो. या दोन्ही खर्चांना कात्री लावली, तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही गत अटळ आहे. त्याची किंमत कंपनीपेक्षा संगणकापुढे ताटकळणाऱ्या नागरिकालाच अधिक मोजावी लागेल.