आचारी, आचार्य आणि चहाची रांग

बंगळूरहून हॉस्टेलवर पाय ठेवला आणि पहिला प्रश्न आला, "काय मिळालं रे?" सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही सहा जण इंडियाफॉसला गेलो होतो. ओपन सोर्सवाल्यांचा दोन दिवसांचा मेळावा. मी बॅगेतून स्टिकर काढून दाखवले. खरं जे मिळालं ते बॅगेत नव्हतं, म्हणून हा लेख.

पहिल्या दिवशी आम्ही सहाही जण शेवटून दुसऱ्या रांगेत एका ओळीत बसलो. "जागा धर रे" चालूच. भाषण संपलं की आपसांत चर्चा, जेवायलाही एकत्र. थोडक्यात, वर्गातला बॅकबेंचच उचलून बंगळूरला नेला होता! कारण सांगायला लाज कसली? बारावीपर्यंत मराठी मीडियम. मनातल्या मनात प्रश्न इंग्रजीत जुळवेपर्यंत माइक पुढे निघून जायचा.

दुसऱ्या दिवशी चहाच्या रांगेत मी चुकून एकटा मागे राहिलो. शेजारच्या माणसानं विचारलं, "तू काय बनवतोस?" म्हटलं, विशेष काही नाही, मेसच्या नोटिसांचा छोटा प्रोग्रॅम. त्यात 'तक्रार आचाऱ्यांकडे करावी' असं लिहिलं की 'आचार्यांकडे' उमटतं, आणि पोरं भाजीत मीठ नाही म्हणून सरांकडे जातात! हा विनोद मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावला. तो हसला आणि म्हणाला, "न दिसणारी अक्षरं काढून टाकतोस का?"

टाकत होतो की! युनिकोडमध्ये 'ऱ्या' दोन प्रकारे लिहिता येतो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर असतं. दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह. आमचा प्रोग्रॅम ते कचरा समजून झाडून टाकायचा, मग 'र' चा रफार होऊन 'य' वर चढायचा. चार महिने डोकं आपटलं, ते चहा गार व्हायच्या आत सुटलं.

मग भाषणं ऐकूच नयेत का? तसं नाही. भाषणामुळे बोलायला विषय मिळतो. पण रेकॉर्ड झालेलं भाषण हॉस्टेलवर बसूनही बघता येतं, चहाच्या रांगेतला माणूस रेकॉर्डिंगमध्ये सापडत नाही. ब्रुसेल्सचं फॉसडेम गेली वीसहून अधिक वर्षं विनाशुल्क भरतं, नावनोंदणीसुद्धा लागत नाही. अशा ठिकाणी तुमचं कॉलेज कुठलं, पॉइंटर किती, हे कोणी विचारत नाही. काय करतोस, एवढंच विचारतात. त्याचं उत्तर मात्र आपल्याकडे हवं, मग ते मेसच्या नोटिशीएवढं का असेना.

म्हणून ज्युनियर्सना सांगणं, गाडीत एकत्र बसा, हॉलमध्ये नको. निघताना न सुटलेला एक तरी प्रश्न बरोबर घ्या. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, समोरच्याचंही बऱ्याचदा तसंच असतं. आणि सरांना विनंती, हजेरी देताना नुसतं सर्टिफिकेट बघू नका. "कोणाशी बोललास आणि काय विचारलंस?" हेही विचारा.

मेसच्या नोटिशीत आता 'आचाऱ्यांकडे' बरोबर येतं. भाजीत मीठ अजून कमीच असतं, पण तो बग आमचा नाही!