तीन वर्षांचा कागद, तीस वर्षांनी येणारी गाठ

तर मंडळी, या शनिवारी कोडबिड काही नाही. आज जरा भांडायचंय.

इस्पितळात भरती झालेल्या पेशंटचे कागद डॉक्टरने किती वर्षं जपायचे? २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचं उत्तर : उपचार सुरू झाल्यापासून तीन. कंपनीला हिशेबाच्या वह्या मात्र आठ वर्षं ठेवाव्या लागतात. म्हणजे माझ्या क्लायंट डिनरचं बिल चार वर्षांच्या पोराच्या रेडिएशनच्या कागदापेक्षा जास्त जगणार!

तीन वर्षांचं हे गणित कुठे फसतं ते बघा. १९४८ ते १९६० या काळात इस्रायलमध्ये हजारो मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णावर क्ष-किरणांचा उपचार झाला. बरीचशी मुलं उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून नुकत्याच आलेल्या ज्यू कुटुंबांतली. मेंदूला बसलेला डोस सरासरी १.५ ग्रे. त्यातल्या १०,८३४ जणांचा पाठपुरावा करून एलेन रॉन आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली निष्कर्ष छापले. मज्जासंस्थेच्या ६० गाठी, त्यातल्या २५ मज्जातंतूंच्या आवरणाच्या. या प्रकाराचा धोका इतरांच्या जवळजवळ १९ पट. (घाबरू नका, सगळ्या गाठी धरूनही तीस वर्षांतला धोका शंभरात एकापेक्षा कमीच होता.)

पण हे कळलं कसं? उपचार झालेल्या मुलांच्या याद्या शिल्लक होत्या, आणि त्या देशभरच्या इस्पितळांच्या पॅथॉलॉजी नोंदींशी आणि कॅन्सर नोंदणीशी जुळवता आल्या. आपल्या भाषेत, साधा डेटाबेस जॉइन! पुढे १९९४ साली तिथे भरपाईचा कायदाही झाला.

आता, गजकर्णाने कोणी मरत नव्हतं. मेंदूच्या कॅन्सरने मूल मरतं. तेव्हा 'रेडिएशन नकोच' म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मला बसवू नका. माझं भांडण त्यानंतर काय होतं याच्याशी आहे.

समजा, चौथ्या वर्षी डोक्याला रेडिएशन घेतलेली एक मुलगी. बत्तिसाव्या वर्षी तिच्या एकाच कानात शिट्टी वाजायला लागते, फोनवर त्या बाजूने नीट ऐकू येत नाही. ती दोष देते हेडफोनला. कानाच्या डॉक्टरला लहानपणचं माहीत असेल तर तो एमआरआयचा विचार लवकर करेल. पण सांगणार कोण? तिला आठवत नाही. फाइल माळ्यावर, नाहीतर रद्दीत. आणि आईबाबांनी तर 'उगाच लग्नात प्रश्न नकोत' म्हणून विषयच बंद केलेला! हे असलं शहाणपण आपल्याकडे अजून घराघरात चालतं, च्यायला.

'आपल्याकडे नाही हो जमत हे सगळं' असंही ऐकवू नका. टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे. आणि आभा क्रमांक काढला म्हणून १९९८ चा कागद आपोआप त्यात जाऊन बसत नाही. तो आधी कुणीतरी जपलेला असावा लागतो.

असो. त्याच २००२ च्या नियमांत आणखी एक कलम आहे : पेशंटने मागितले तर कागद ७२ तासांत द्यायचे. तर मागा. नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. एकूण डोस किती, किती दिवसांत, शरीराच्या नेमक्या कुठल्या भागाला, तारखा कुठल्या. एका पानात मावतं. स्कॅन करून दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि पोरगी अठराची झाली की तिच्या हातात द्या. सासरी काय सांगायचं ते तिचं ती बघेल.