संगणक-कट्टा : आवाज कुठे गेला?



गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मिरजेला आईला व्हिडिओ कॉल लावला. इथे न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ, तिथे संध्याकाळचे सात. समया दिसल्या, आईचे ओठ हलताना दिसले, पण आवाज नाही. आमचाही तिकडे पोचेना. तिला वाटलं, आपलंच श्रवणयंत्र बिघडलं. बिचारी सेल बदलत बसली. दोष होता आमच्या लॅपटॉपचा. मुलाने आठवड्यापूर्वीच त्यावर डेबियन लिनक्स चढवलं होतं.

असं झालं तर काय करायचं?

आधी सेटिंग्जमध्ये 'साउंड' उघडा. तिथे नुसतं 'डमी आउटपुट' दिसलं, तर संगणकाला साउंड कार्डच सापडलेलं नाही. कार्डाचं नाव दिसत असेल, तर टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' चालवा. पट्टीखाली 'एमएम' असेल तर आवाज बंद आहे, 'एम' दाबा.

आमच्याकडे डमीच होतं. मग 'सुडो डीमेसेज' चालवून संगणक सुरू होतानाच्या नोंदी पाहिल्या. 'एसओएफ'च्या ओळीत लिहिलं होतं : फर्मवेअर लोड होत नाही, एरर उणे २. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही. म्हणजे ड्रायव्हर होता, फर्मवेअर नव्हतं. आचारी आला, पण शिधाच नाही! इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये आवाजाच्या चिपला ही वेगळी फाइल लागते, आणि अंगचा माइकही तिच्यावरच चालतो.

डेबियन १२ पासून (२०२३) अशा फाइली 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या विभागात असतात. तो विभाग सॉफ्टवेअरच्या यादीत चालू करा, यादी ताजी करा, आणि 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड' हे पॅकेज 'सुडो एप्ट इन्स्टॉल'ने घ्या. फेडोरात त्याचं नाव 'अल्सा-एसओएफ-फर्मवेअर'. मग लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा.

घाई असेल तर यूएसबी हेडसेट लावा. त्याचं साउंड कार्ड त्याच्याच पोटात असतं, त्यामुळे तो बहुधा लगेच चालतो.

आम्हाला हे सगळं उमगेपर्यंत तिकडे आरती होऊन गेली होती. पुन्हा कॉल लावला, तेव्हा आई म्हणाली, "अगंबाई, आलं गं ऐकू! मला वाटलं, कान गेले माझे."

तेव्हा मंडळी, यंदा फराळाची तयारी कराल, तेव्हा आदल्या दिवशी एक चाचणी कॉलही करा. आरती आपल्यासाठी थांबत नाही.