एका जहाजाची विलापिका आणि तिचे न लिहिलेले कडवे

जहाज निवृत्त झाले म्हणून माणसे शोक करतात, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी हसण्यावारी नेऊ नये, असे आमचे मत आहे. ‘मार्को पोलो’ नावाचे एक लहानसे प्रवासी जहाज जानेवारी २०२१ मध्ये गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर मोडण्यासाठी चढवण्यात आले. त्याआधी आणि त्यानंतरही, त्यावरून वर्षानुवर्षे प्रवास केलेल्या माणसांनी, विशेषतः ब्रिटनमधील उतारवयातील प्रवाशांनी, त्याच्याविषयी जे लिहिले आणि सांगितले, त्याला विलापिका याखेरीज दुसरे नाव देता येत नाही. या विलापिकेत काय आहे आणि काय नाही, ते येथे पाहावयाचे आहे. त्यात जे आहे ते आम्हांला मोलाचे वाटते. जे नाही त्याविषयी मात्र आमची तक्रार आहे, आणि ती तक्रार आपल्याच देशाच्या किनाऱ्याशी निगडित आहे.

प्रथम या जहाजाचे चरित्र थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण वाङ्मयाशी त्याचा संबंध जन्मापासूनचा आहे. पूर्व जर्मनीतील विस्मार येथील गोदीत सोव्हिएत संघासाठी एकाच घडणीची पाच जहाजे बांधली गेली. त्या पाचांनाही साहित्यिकांची नावे होती : इव्हान फ्रान्को, अलेक्झांडर पुश्किन, तारास शेवचेन्को, शोता रुस्तावेली आणि मिखाईल लेर्मोन्तोव. दोन युक्रेनी, दोन रशियन, एक जॉर्जियन. आपले ‘मार्को पोलो’ म्हणजे १९६५ सालचे ‘अलेक्झांडर पुश्किन’. १९६६ पासून ते लेनिनग्राडहून अटलांटिक ओलांडून माँट्रियलला जाऊ लागले. ज्या कवीला झारच्या राजवटीने परदेशी जाण्याची परवानगी कधी दिली नाही, त्याचे नाव मिरवीत एक जहाज कॅनडाच्या बंदरात उभे राहते, आणि तेही अशा राजवटीचे की जिच्या सामान्य नागरिकालाही परदेशप्रवास दुर्मीळच होता! हा उपरोध त्या नावात तेव्हापासूनच दडलेला होता.

या भावंडांपैकी ‘मिखाईल लेर्मोन्तोव’ १९८६ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून बुडाले. ‘पुश्किन’ मात्र वाचले. सोव्हिएत संघ मोडकळीस आला त्याच वर्षी, म्हणजे १९९१ साली, ते विकले गेले. ग्रीसमध्ये त्याची अंतर्बाह्य डागडुजी झाली आणि १९९३ साली ते ‘मार्को पोलो’ म्हणून पुन्हा समुद्रात उतरले. कवी गेला आणि व्यापारी आला. कोणी म्हणेल, विसाव्या शतकाच्या अखेरीचा इतिहास या एका नामांतरात सामावला आहे. पुढे मालक बदलत गेले. २०१० पासून ‘क्रूझ अँड मेरिटाइम व्हॉयेजेस’ या कंपनीच्या वतीने ते लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून नॉर्वेच्या खाड्यांकडे, आइसलँडकडे, ॲमेझॉन नदीच्या पात्रात आत मानाउसपर्यंत जाऊ लागले. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे सफरी थांबल्या, जुलैमध्ये कंपनी बुडाली आणि ऑक्टोबरात जहाजाचा लिलाव झाला. पंचावन्न वर्षांचे आयुष्य असे काही महिन्यांत आवरले गेले. निरोपाची सफर झालीच नाही. प्रवाशांच्या शोकाला जी धार आहे, ती काही अंशी या अपुऱ्या निरोपाची आहे.

आता प्रवाशांनी कशाबद्दल शोक केला ते पाहू. ऐषारामाबद्दल तो फारसा नव्हता. या जहाजाच्या खोल्या लहान होत्या आणि त्यांना सज्जे नव्हते. वादळी समुद्रात ‘बोट लागते’ या आपल्या शब्दप्रयोगाचा अर्थ ते जहाज कोणालाही समजावून देऊ शकले असते. प्रवासी आठवतात ते निराळेच : जहाजाच्या मागच्या अंगाला पायऱ्यांसारखे उतरत गेलेले सागवानी डेक, दोन्ही टोकांना डौलाने उचललेली काळी-निळी काया, बंदरात शिरताना गाव आणि जहाज एकमेकांना न्याहाळू शकतील एवढी जवळीक, आणि दुसऱ्या वर्षी आल्यावर नावाने हाक मारणारा वाढपी. जहाजावर सुमारे ८०० प्रवासी असत. एका मोठ्या खेड्यातल्या माणसांएवढी ही संख्या आहे. आठवड्याभरात चेहरे ओळखीचे व्हावेत आणि तरीही काही अनोळखी उरावेत, असे ते प्रमाण होते.

या ‘प्रमाण’ शब्दावर आमचा भर आहे. ‘मार्को पोलो’चे ग्रॉस टनेज सुमारे २२ हजार होते. (हे वजन नव्हे, जहाजाच्या पोटातील एकूण जागेचे माप आहे.) २०२४ साली प्रवासाला लागलेल्या ‘आयकन ऑफ द सीज’ या जहाजाचे तेच माप २ लाख ४८ हजारांच्या वर आहे आणि भरगच्च सफरीत ते सात हजारांहून अधिक प्रवासी वाहून नेऊ शकते. अकरा पटींनी वाढलेल्या या वस्तूला जहाज म्हणावे की तरंगते शहर, हा वाद आम्ही घालणार नाही. पण अशा जहाजावर समुद्र हा देखाव्यापुरता उरतो. बाजारपेठ, जलक्रीडा, नाट्यगृह यांची दाटी असताना मनुष्य बाहेर पाहतो तो क्वचित. लहान जहाजाच्या प्रवाशाला बाहेर पाहण्यावाचून गत्यंतर नसते. जुन्या जहाजावरील माणसे रडली ती आकाराविषयी एक निवाडा देऊन रडली : माणसाच्या मापाचे काही जगातून नाहीसे होत आहे, असा तो निवाडा आहे. त्यांच्यापाशी परिभाषा नसेल, पण ही समीक्षाच आहे. साहित्याच्या वर्गात आपण विलापिकेबद्दल जे शिकवतो, की तीत गेलेल्याच्या गुणगौरवाच्या आडून राहिलेल्या जगावर टीका असते, ते येथे तंतोतंत लागू पडते.

येथे एक आक्षेप येणारच, आणि तो यावा. प्रवाशांना जे ‘अस्सल जुने’ वाटले ते कितीसे जुने होते? सांगाडा आणि इंजिने १९६५ ची होती हे खरे. पण ज्या दालनांच्या आठवणीने कंठ दाटून येतो, ती दालने १९९१ ते १९९३ या काळात ग्रीसमध्ये नव्याने सजवलेली होती. सोव्हिएत काळातील प्रवाशाला ती ओळखताही आली नसती. शिवाय प्रेमाने सुरक्षितता येत नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत इंग्लिश खाडीत एका प्रचंड लाटेने याच जहाजाच्या भोजनगृहाची खिडकी फोडली आणि ८५ वर्षांचा एक प्रवासी मृत्युमुखी पडला. वृद्ध जहाजाला नियमही सोसत नाहीत. १ ऑक्टोबर २०१० पासून अंतर्भागात ज्वलनशील साहित्य वापरण्यावर आलेल्या आंतरराष्ट्रीय निर्बंधाने त्याच्या कितीतरी समवयस्कांना एका फटक्यात निवृत्त केले होते. तेव्हा ‘ते अजून चालले असते’ हे वाक्य भावनेचे आहे, अभियंत्याचे नव्हे.

दुसरी मागणीही ठरलेली असते : जहाज जतन करावे, त्याचे संग्रहालय करावे. मुंबईकरांना याचे उत्तर ठाऊक आहे. १९९७ साली सेवानिवृत्त झालेली ‘विक्रान्त’ ही विमानवाहू युद्धनौका काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ साली ते बंद झाले. नौका वाचवण्याचे प्रयत्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर २०१४ साली ती मुंबईतच मोडीत निघाली. राष्ट्राच्या अभिमानाला जे पेलले नाही, ते निवृत्त प्रवाशांच्या प्रेमाला पेलेल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. समुद्राचे पाणी पोलादाला क्षमा करीत नाही. जहाज जतन करणे म्हणजे दर वर्षी नव्याने ते विकत घेण्यासारखे आहे.

हे सारे आक्षेप मान्य करूनही आम्ही त्या शोकाच्या बाजूने उभे राहतो. आठवण खरी असण्यासाठी तिचा विषय अस्सल असावाच लागतो असे नाही. मात्र आमची तक्रार येथेच सुरू होते. ही विलापिका एका ठरावीक जागी संपते. इंग्रजीत जहाजाला ‘ती’ म्हणण्याची परंपरा आहे, आणि रशियन भाषेत या प्रकारच्या जहाजाचा शब्द पुल्लिंगी. म्हणजे ‘पुश्किन’चे ‘मार्को पोलो’ होताना, पुरुषाचे नाव कायम राहूनही, त्याचे लिंग बदलले. आपण आगबोटीला ‘ती’ म्हणतो आणि जहाजाला ‘ते’. इंग्रज प्रवाशाच्या लेखी ‘ती’ थकली, विकली गेली, पूर्वेकडे निघून गेली. पुढे पूर्णविराम. ‘किनाऱ्यावर तिची हत्या झाली’ असे फार तर एखादे वाक्य येते. पण हत्या म्हणताच मारेकरी आले, आणि त्या वाक्यात ते बिनचेहऱ्याचे राहतात.

ते कोण आहेत? अलंग हे भावनगरजवळ खंभातच्या आखातावर वसले आहे. तेथे भरती-ओहोटीतील अंतर सुमारे दहा मीटरपर्यंत जाते. म्हणून भरतीच्या वेळी जहाज आपल्याच वेगाने किनाऱ्यावर चढवता येते आणि ओहोटीत ते कोरडे पडते. १९८३ पासून तेथे हा उद्योग चालतो. ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड अशा प्रांतांतून आलेले मजूर गॅस कटरने पोलादाचे तुकडे पाडतात. त्या काळच्या जहाजबांधणीत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई, टाक्यांच्या तळाशी तेलाचा गाळ आणि वायू साचलेले असतात, आणि उंचीवरून निखळणारा पत्रा कोणाची ओळख ठेवीत नाही. भारताने २०१९ साली जहाज पुनर्वापराचा कायदा केला आणि त्याच वर्षी हाँगकाँग करार स्वीकारला. हा करार २६ जून २०२५ रोजी जगभर अमलात आला. काही यार्डांची सुधारणा झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही जहाज मोडणे हे जगातील अतिशय धोक्याच्या कामांपैकी एक आहे, हे त्या करारानेच मुळात गृहीत धरले आहे.

आणि मजूर हे शेवटच्याच पानावर येतात असेही नाही. जून २०२० मध्ये याच कंपनीची काही जहाजे खलाशांचे करार आणि वेतन यांतील त्रुटींवरून ब्रिटिश नौवहन प्रशासनाने अडवून ठेवली होती. त्यांवर अडकलेल्यांत भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते. ज्या ‘नावाने हाक मारणाऱ्या’ वाढप्याची प्रवाशांना आठवण येते, त्याच्यासारख्यांना त्या दिवसांत घरी जाण्याची वाट पाहावी लागत होती. जहाज आठवताना त्याचे स्मित आठवते, त्याचा करार आठवत नाही. स्मृती निवड करते हे आपण सारेच जाणतो. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम त्या निवडीला प्रश्न विचारणे हेच असते.

येथे पुन्हा नावाकडे वळावेसे वाटते. मार्को पोलोने तुरुंगात असताना सांगितलेल्या प्रवासवर्णनात ठाणे आणि खंभात या दोन्ही ठिकाणांचे उल्लेख आहेत. सात शतकांनंतर त्याच्या नावाचे जहाज खंभातच्याच आखातात येऊन थांबले. कादंबरीकाराने असा योगायोग रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते. प्रवाशांच्या शोकलेखनात या योगायोगाला जागा नाही, कारण त्यात अलंग ही जागाच नाही. आहे तो केवळ शेवट. आपल्याकडून पाहिले तर मात्र अलंग हा शेवट वाटत नाही. तेथील पोलाद वितळून वा लाटले जाऊन सळया होतात आणि कोणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये जातात. अलंगच्या रस्त्यावर दुतर्फा जुन्या जहाजांतील खुर्च्या, आरसे, दरवाजे, कपबश्या यांची दुकाने आहेत. एका सफरीत अनोळखी माणसांनी ज्या भांड्यातून चहा घेतला, ते एखाद्या ढाब्यावर पुन्हा अनोळखी माणसांच्याच हाती जाते.

म्हणून या विलापिकेला आणखी एक कडवे हवे, असे आमचे म्हणणे आहे. ज्याला जहाजाच्या सागवानी डेकवर प्रेम होते त्याने तो डेक उखडणाऱ्या हातांविषयीही विचारावे : त्या हातांत मोजे होते काय, त्या दिवसाची मजुरी किती होती, वरच्या मजल्यावरून पत्रा सुटला तेव्हा खाली कोण उभे होते? हे प्रश्न शोकाला हलके करीत नाहीत, उलट वजन देतात. आपल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी असे शोकलेखन जरूर वाचावे, आणि वाचताना ते कोठे संपते तिकडे लक्ष ठेवावे. पुश्किनच्या नावाने जन्मलेले ते जहाज लहान होते, माणसाच्या मापाचे होते, हे त्याच्या प्रवाशांनी ओळखले आणि ते बरोबरच ओळखले. ज्यांनी ते हातांनी तुकड्या-तुकड्याने मोडले, त्यांच्याइतके जवळून त्याचे माप मात्र दुसऱ्या कोणीही घेतलेले नाही.