टँकर वाचले, इंधन वाचलं; पण पाइपलाइनखालच्या जमिनीचं काय?

खांदेश्वर स्टेशनातून बाहेर पडून कळंबोलीच्या कोंडीत अडकलात, की एक हिशेब करून बघा. दिवसाला 1 लाख बॅरल कच्चं तेल रस्त्याने न्यायचं ठरवलं तर? एका बॅरलमध्ये 159 लिटर. 20 हजार लिटरचा टँकर धरला तर रोज जवळपास 800 टँकर लागतील. तेवढेच रिकामे परत येतील, म्हणजे डिझेल दुप्पट.

पाइपला रिकामं परतावं लागत नाही, हाच त्याचा मोठा फायदा. शिवाय व्यास दुप्पट केला की आतली जागा चौपट होते. एकूण खर्च मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. अट एकच: तेल सतत आणि भरपूर हवं. अर्धा रिकामा पाइप म्हणजे जमिनीत पुरलेलं कर्ज.

आपल्याकडे ही अट मुंबई हायने पूर्ण केली. 1974 मध्ये मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात तेल सापडलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला तेल जहाजांनी यायचं. मग समुद्रतळावरून उरणपर्यंत पाइपलाइन आली आणि पुढे तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) रिफायनऱ्यांपर्यंत गेली. सोबत आलेल्या गॅसवर उरणचा वीज प्रकल्प आणि थळचा खत कारखाना उभा राहिला.

फायदा खरा आहे. माझा आक्षेप वाटणीवर आहे.

जमिनीखालून जाणाऱ्या पेट्रोलियम पाइपलाइनसाठी 1962 चा केंद्रीय कायदा आहे. त्यात जमीन मालकाचीच राहते, कंपनीला फक्त वापरहक्क मिळतो. पिकाचं नुकसान वेगळं भरून मिळतं. पण वापरहक्काची भरपाई बाजारभावाच्या 10 टक्के, तीही एकदाच आणि पहिल्या अधिसूचनेच्या दिवशीच्या भावाने. त्या पट्ट्यावर नंतर घर नाही, विहीर नाही, झाडही नाही. विमानतळामुळे भाव कुठल्या कुठे गेलेल्या पनवेल-उरणमध्ये हा हिशेब टिकत नाही. 1984 च्या जासई आंदोलनानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळवलेला हा भाग आहे!

एकरकमी पैशांऐवजी रेडी रेकनरला जोडलेलं वार्षिक भाडं का नको? प्रकल्प महागेल, हे कबूल. पण 18 मीटर रुंद पट्टा धरला तर किलोमीटरमागे जेमतेम साडेचार एकर जमीन लागते. गच्चीवर मोबाइल टॉवर बसवू देणाऱ्या सोसायटीला भाडं मिळतं, आणि करार संपला की टॉवर काढताही येतो. पाइप मात्र मालकाच्या नातवाच्या काळातही तिथेच असतो.