मोर्चा निघून गेला. पोर कोठें आहे?

चाकण-भोसरीच्या पट्ट्यांत आईबाप दोघेही पाळीवर जातात आणि पत्र्याच्या खोलींत पोर एकटी राहते. अशा पोरीवर कोणी नराधमानें हात टाकला म्हणजे काय होतें? आधीं पुढारी येतो. "मुलीची जात आहे, बोभाटा नको," म्हणून तोड काढूं पाहतो. मग खोलीचा मालक खोली रिकामी करा म्हणतो. शेवटीं मोर्चा येतो, फोटो निघतात, मोर्चा जातो. पोरीची शाळा मात्र पहिल्याच दिवशीं सुटलेली असते!

मोर्चे फुकट असतात असें आमचें म्हणणें नाहीं. १९७२ सालीं देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत एका पोरक्या आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहींत, असें कारण देऊन सर्वोच्च न्यायालयानें शिपाई सोडून दिले. १९७९ सालीं चार कायदेपंडितांनीं उघडें पत्र लिहिलें, बाया रस्त्यावर आल्या, तेव्हां कोठें १९८३ सालीं कायदा बदलला. पण 'फांशी द्या' म्हणून ओरडणारांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, पोक्सोच्या खटल्यांतील शंभरांत नव्वदांहून अधिक आरोपी मुलीच्या ओळखीचेच असतात. चुलत्याच्या गळ्यांत फांस दिसला म्हणजे घरचींच माणसें पोरीचें तोंड दाबतात.

जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढिलें. फसलेल्या विधवांना उपदेश पाजण्याऐवजीं त्यांनीं निवारा दिला, गुपचूप बाळंत होण्याची सोय केली. आणि अशाच एका विधवेचा मुलगा आपला म्हणून वाढविला. यास म्हणतात कैवार!

२०१२ च्या कायद्यानें मुलीचा जबाब तिच्या घरीं, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्यानें, होईल तों स्त्रीनें घ्यावयाचा आहे. साक्षीच्या वेळीं आरोपी तिच्या नजरेस पडतां कामा नये. खटला शक्यतों वर्षांत संपावा. गुन्हा ठाऊक असून न कळविणें हाही गुन्हाच. म्हणजे तोड काढणारे आमचे पुढारी स्वतःच आरोपी ठरतात! परंतु मराठवाड्यांतून किंवा बिहारांतून पोटासाठीं आलेल्या बाईस हें सांगणार कोण?

कामगार बंधूंनो, तारखेच्या दिवशीं त्या आईचा खाडा पडतो. चार तारखांनंतर ती कोर्टांत येत नाहीं आणि खटला ढिला पडतो. तो खाडा भरून देण्यास युनियनच्या पेटींतून पैसे निघतील काय, आणि तिच्या शेजारीं बसावयास वस्तींतून एक शहाणी बाई निघेल काय, एवढेंच आम्ही विचारतों.