रक्तदाबाचा आकडा गर्भवतीला ठाऊक हवा

सातव्या महिन्यात डोहाळेजेवण होते. हिरवी साडी, फुलांची वाडी, सुवासिनींनी भरलेली ओटी, बर्फी की पेढा याची गंमत, सारे यथासांग पार पडते. त्या सोहळ्यातील गर्भवतीला सहज विचारून पाहावे, "तुझा रक्तदाब मागच्या वेळी किती होता?" बहुधा उत्तर येते, "डॉक्टर नॉर्मल म्हणाले." आकडा तिला ठाऊक नसतो, आणि तो तिला सांगितला पाहिजे असे कुणाला वाटलेलेही नसते.

शिकल्या-सवरलेल्या घरांत ही स्थिती असेल, तर बीड जिल्ह्यातील ऊसतोड टोळीबरोबर निघालेल्या गर्भवतीचे काय? धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', अशी तेथील मोजणी. उचल आधीच घेतलेली असते, म्हणून पाचवा-सहावा महिना असला तरी तिला जावेच लागते. गावातील आशाताई, उपकेंद्र, तपासणीची तारीख हे सारे मागे राहते. नेमका हाच काळ धोक्याचा. गर्भारपणामुळे येणारा उच्च रक्तदाब विसाव्या आठवड्यानंतर डोके वर काढतो. पहिलटकरणीला आणि कमी वयाच्या मातेला त्याचा धोका अधिक, आणि बालविवाहाचे प्रमाण या जिल्ह्यात आजही चिंताजनक आहे.

या व्याधीची खोड अशी, की आरंभी ती दुखत नाही. दाब १४०/९० वर जातो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, तरी बाई चालती-फिरती असते. पुढे डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, बरगड्यांखाली दुखते, चेहऱ्यावर व हातांवर सूज चढते. खोपीवर त्याचा अर्थ ऊन लागले, पित्त झाले असा लावला जातो. मग आकडी येते आणि कुणी म्हणते, बाहेरचे काहीतरी झाले. अंगारा लावण्यात जो तास जातो, तोच तास आई आणि बाळ दोघांच्या प्राणांचा असतो. बाळंतपण झाले म्हणजे भय संपले, असेही नाही. नंतरच्या दिवसांतही आकडी येऊ शकते.

उपाय काही दुर्मीळ नाही. मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनाने आकडीचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ साली अनेक देशांतील सुमारे दहा हजार स्त्रियांवरील अभ्यासातून सिद्ध झाले. औषध स्वस्त आहे. अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठी उभारलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गर्भवतींची मोफत तपासणी होते. पण आपल्याला तेथे जायचे आहे, हे बाईला आणि तिच्या माणसांना वेळेवर कळले तरच या साऱ्याचा उपयोग.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ते आवश्यकच होते. मात्र त्याच फडात गर्भ वाढवत मोळ्या वाहणाऱ्या बाईचा रक्तदाब कोण मोजतो, हा प्रश्न तेवढ्या मोठ्या आवाजात कुणी विचारला नाही.

मध्यमवर्गीयांनीही फार निश्चिंत राहू नये. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, डॉक्टर बदलतो, जुने कागद सासरच्या कपाटात राहतात. फडावर जाणारी आणि माहेरी येणारी, दोघींची अडचण एकच: बाई गाव बदलते, तिची नोंद बदलत नाही. म्हणून तपासणीचे कार्ड तिच्याच पिशवीत हवे आणि आकडा तिच्या तोंडी हवा. पट्टा बांधणाऱ्या परिचारिकेला "किती आला?" एवढे विचारण्यात संकोच कसला? सासूबाईंनीही सुनेच्या पायांवरील सूज 'गरोदरपणात व्हायचीच' म्हणून सोडून न देता तो आकडा विचारावा.

आपल्या कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे. टोळी निघण्यापूर्वी मुकादमाकडे कोयत्यांची यादी तयार असते. त्या यादीतील गर्भवती कोण, कितवा महिना, दाब किती आणि फडापासून जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, एवढे विचारून कार्डावर लिहून द्यावे. एका गावाला एक संध्याकाळ पुरते.